फसाड म्हणजे नक्की काय? बिल्डिंगचं असतं की माणसाचं?

चहाबाज: इंग्रजीवाले, जरा मदत करा. भावाच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय, त्या ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात 'ग्लास फसाड' असं लिहिलंय, आणि सध्या वाचतेय त्या कादंबरीत एक बाई सुखी संसाराचं फसाड सांभाळतेय. म्हणजे एकीकडे मिरवायची गोष्ट नि दुसरीकडे ढोंग?? डिक्शनरीत दोन्ही अर्थ आहेत, पण बोलताना कुठला कधी ते काही कळेना. आणि उच्चार फकेड की फसाड?

रिकामटेकडा: मुखवटा. विषय संपला.
उच्चार फसाड. फ्रेंचमधून आलाय, तिकडे सी ला खाली छोटी शेपटी असते, म्हणून स. हिंदीतल्या फसादशी नातं नाही, पण फसाड उघडं पडलं की घरात फसाद होतोच :)

विटा_वाळू_सिमेंट: मुखवटा चालेल पण पुरता बसत नाही. मूळ इटालियन शब्द 'फाच्चा' म्हणजे चेहरा, त्यावरून इमारतीची रस्त्याकडची बाजू. साइटवर आम्ही एलिव्हेशन म्हणतो, पुस्तकी मराठीत दर्शनी भाग. यात खोटं काहीच नाही. जयपूरचा हवामहल बघा, १७९९ चा, पाच मजले, ९५३ झरोके, समोरून केवढा प्रचंड वाटतो आणि वरचे तीन मजले जेमतेम एका खोलीइतके रुंद, आत जायचं तेही समोरून नाही. तरी त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण झरोकेच तर हवे होते, राण्यांना पडद्याआडून रस्ता बघता यावा म्हणून.

खोटं फसाड बघायचं तर लंडनला. लेन्स्टर गार्डन्स नावाच्या रस्त्यावर २३ आणि २४ नंबरची घरंच नाहीत. १८६० च्या दशकात मेट्रोपॉलिटन रेल्वेची भुयारी लाइन खणताना ती पाडली, तेव्हा इंजिनं वाफेची, धूर सोडायला मध्ये उघडी जागा लागायची, आणि तो खड्डा श्रीमंत वस्तीत दिसायला नको म्हणून शेजारच्या घरांसारखीच नुसती भिंत उभी केली, साधारण पाच फूट जाड. खांब, गॅलऱ्या, दारं सगळं आहे, फक्त खिडक्या रंगवलेल्या आणि दाराला पत्र टाकायची फट नाही. तुमच्या कादंबरीतली बाई ती ही भिंत.

आज्जीचा_बटवा: वा! आपल्याकडे चोखोबांनी हेच सांगून ठेवलंय की, काय भुललासी वरलिया रंगा.

रिकामटेकडा: आज्जी, ते उलटं आहे ना? तिथे ऊस वाकडा नि रस गोड. फसाडमध्ये वरचं नेहमी चांगलं. बडा घर पोकळ वासा म्हणा हवं तर.

गावठी_प्रोफेसर: शॅम आणि फसाड यातही गल्लत होते म्हणून लिहितो. शॅम मॅरेज म्हणजे लग्नच खोटं, व्हिसासाठी कागदोपत्री केलेलं. फसाड ऑफ अ हॅपी मॅरेज मध्ये लग्न खरं, सुख खोटं. शॅम ही गोष्टच बनावट असते, फसाड हे खऱ्या गोष्टीवर उभं केलेलं तोंड. आणि ते रोज सांभाळावं लागतं, त्यामुळे सोबत कीप अप, मेंटेन असली क्रियापदं येतात, आणि आतलं सांगायचं तर बिहाइंड द फसाड. अजून एक, ज्याचं फसाड आहे तो लबाडच असतो असं नाही, घरात आजारपण चालू असून ऑफिसात हसत वावरणाऱ्यालाही लोक हेच म्हणतात. लोकांना लुबाडायला केलेल्या सोंगाला मात्र फसाड फार सौम्य पडतं, तिथे सरळ फ्रॉड म्हणा.

चहाबाज: धन्यवाद सगळ्यांना! मग बघा बरोबर का: 'पाहुणे येणार म्हणून आईने हॉल आवरला आणि सगळा पसारा बेडरूममध्ये कोंबला, हे एक फसाड आहे.'

गावठी_प्रोफेसर: पाहुण्यांनी बेडरूम मागितली नाही तोवर बरोबर.