आईबाबांचा व्हिसा आणि मेडिकल इन्शुरन्स: तुमचे अनुभव लिहा

मधुरा_जर्सी
आमच्या कॉम्प्लेक्समधली एक मुलगी आज विचारत होती, आईबाबा अमेरिकेत येताहेत, इन्शुरन्स कुठला घेऊ? आणि मला आमचे बाबा आठवले. आल्या-आल्या छातीत दुखायला लागलं, इमर्जन्सीत नेलं. निघाली ॲसिडिटी! पण पॉलिसी फिक्स्ड बेनिफिटवाली. खोलीला इतके, डॉक्टरला इतके, त्यावरचं सगळं आपल्या खिशातून. बिलंही सुटी सुटी येत राहिली. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. बाबा प्रत्येक पाकीट फोडून रुपयांत हिशेब करायचे. "एवढ्यात सांगलीत डॉक्टरसकट दवाखाना आला असता."
तुमचे अनुभव लिहा.

कोथरूडकर
फिक्स्डवाली घेऊच नये. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, म्हणजे ठरावीक रक्कम न देता बिलाच्या प्रमाणात पैसे देणारी. डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, वाढवलं की हप्ता उतरतो. आणि 'अक्यूट ऑनसेट'चं कलम वाचा हो. जुनं दुखणं अचानक उसळलं तरच पैसे, तेही बऱ्याच पॉलिसींत 24 तासांत उपचार घेतले तर. शुगरची नेहमीची तपासणी त्यात बसत नाही. सत्तरीनंतर तर काही जण हे कलम देतच नाहीत.

रानजाई
सांगलीत कशाला, मिरजेत म्हणावं 😄 तिथे पाऊल टाकाल तिथे दवाखाना.

मधुरा_जर्सी
@रानजाई तुम्ही मिरजेच्या??

आजी_ऑनलाइन
तुम्ही सगळे बीकेसीवाले, मुंबईतल्या नव्या अमेरिकन वकिलातीत जाणारे. आम्ही 2011 च्या आधी जुन्या वकिलातीत, ब्रीच कँडीला लाइन लावलीय, भर पावसात, फाइल पदराखाली. माझ्या पुढच्या बाईंना साहेबाने विचारलं कशाला जाताय. "लेकीचं बाळंतपण. तिला साधा वरणभात लावता येत नाही, बाळ काय सांभाळणार!" साहेब हसला, व्हिसा दिला. मला मात्र चांगलं पिळलं.

विदर्भाचा_वाघ
आजी नशीबवान होत्या त्या बाई. आमच्या बाबांना 214 (ब) चा कागद, म्हणजे परत येतील याची खात्री पटली नाही म्हणून व्हिसा नाही. शेतीचा सातबारा, पेन्शन, घराची टॅक्स पावती, सगळं घेऊन गेले होते. एक कागद बघितला नाही. दोनचार प्रश्न, संपलं. फी 185 डॉलर, परत मिळत नाही. बाबा म्हणे त्यापेक्षा बैल घेतला असता.

टोरांटोची_माई
इकडे कॅनडात सुपर व्हिसाला (आईबाबा, आजीआजोबांचा जास्त मुक्कामाचा व्हिसा) इन्शुरन्स सक्तीचाच. किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभर चालणारा. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याची पावती लागते, हप्त्याने भरले तरी चालतं. जानेवारी 2025 पासून बाहेरच्या कंपनीचाही घेता येतो, पण तिला इथल्या ओएसएफआयची, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता हवी. एका वेळी 5 वर्षं राहता येतं, पण सासूबाई थंडीच्या आधीच पळाल्या. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

पिंट्या
माई, 5 वर्षं?? हे बायकोला दाखवू नका प्लीज.

सातारी_तडका
शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाला, किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं. त्यात उपचार तर आहेतच, शिवाय तिकडे काही बरंवाईट झालं तर परत आणण्याचा खर्चही. हे आमच्या अण्णांनी मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मेलो तर फुकट आणणार? मग चल." आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

कोथरूडकर
😂😂 अण्णांना नमस्कार सांगा.

शुभदा_ह्यूस्टन
मधुराताई, बिल आलं की लगेच भरायचं नाही. आधी आयटमाइज्ड, म्हणजे एकेक खर्च वेगळा लिहिलेलं बिल मागायचं. नॉन-प्रॉफिट हॉस्पिटल असेल तर फायनान्शियल असिस्टन्सचा (बिलात सवलतीचा) फॉर्म मागायचा, तसं धोरण ठेवणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या काकांच्या बिलातून एक न केलेली टेस्ट निघाली! फोनवर तासभर ते भिकार संगीत ऐकावं लागलं, पण रक्कम उतरली.
आणि गोळ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. आमच्या आईने बीपीच्या गोळ्या चेक-इन बॅगेत चकलीच्या डब्यात ठेवल्या होत्या. बॅग आली नाही.

रानजाई
@मधुरा हो, ब्राह्मणपुरीत माहेर. तुम्ही?

मधुरा_जर्सी
अय्या, माझी आत्या तिथलीच! शुभदाताई, हा फॉर्म तेव्हा माहीत असता तर... आता त्या मुलीला सांगते.

पिंट्या
शुभदाताई, पण चकल्या मिळाल्या का शेवटी?

शुभदा_ह्यूस्टन
मिळाल्या. चुरा झाला होता, भेळेत घातल्या.