शाळेची सहल आणि वस्तुसंग्रहालय : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा!

लेकीच्या शाळेच्या ग्रुपवर काल मेसेज पडला. सहल, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, डबा घरून, संमतीपत्रक सोमवारपर्यंत. तेवढं वाचलं आणि आमची एसटीच डोळ्यांसमोर आली. काचेवर 'प्रासंगिक करार'ची पाटी, मागे भेंड्या, आणि रहिमतपूर यायच्या आत पहिली उलटी.

आम्हाला औंधला नेलं होतं. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय, भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेलं. रविवर्म्याची चित्रं बघायचीत म्हणून बाईंनी आधीपासून पढवून ठेवलेलं. पण आम्ही मुली अडकलो इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या 'आई आणि मूल' शिल्पापाशी. मैत्रीण मोठ्यांदा म्हणाली, "बाई, हे अर्धवटच राहिलंय की." बाई म्हणाल्या, "विलायतेतला मोठा माणूस आहे तो, गप पुढं चल." खटाव तालुक्यातल्या गावात हेन्री मूर! हे केवढं नवल आहे ते कॉलेजात गेल्यावर कळलं.

तुमचंही येऊ द्या.

वाईची_माहेरवाशीण
आमच्यात मेणवली ठरलेली. नाना फडणवीसांचा वाडा बघायचा, मग घाटावरची घंटा. पोर्तुगिजांच्या चर्चमधली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाची. त्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि खाली 1707. एक पोरगा बाईंना म्हणे, "वसई तर 1739 ला घेतली, मग घंटा आधीच कशी आली?" बाई म्हणाल्या, "अरे ओतली तेव्हा, आणली नंतर." सगळी पोरं त्याला महिनाभर 'ओतली-आणली' म्हणत होती. आता तिथं शूटिंगवाल्यांचीच गर्दी जास्त.

माणदेशी_गडी
उलटीवर लिंबू हुंगायचं. नाहीतर आवळासुपारी. आमचे सर ड्रायव्हरच्या मागची सीट उलटीवाल्यांना राखून ठेवायचे, त्या सीटला आयसीयू नाव होतं 😂

निवृत्त_गुरुजी
जरा दुसरी बाजू पण ऐका. सहल म्हणजे तुम्हाला मजा, आम्हाला मोजणी. उतरताना मोजा, चढताना मोजा, आणि एक हमखास कमी भरतो. तो असतो रसवंतीत.

शस्त्रांच्या दालनात मात्र पोरं आपोआप गप्प होतात. दांडपट्टा दाखवला, मूठ कोपरापर्यंत हात झाकते ते सांगितलं, तर चौथीतला एकजण म्हणाला, "गुरुजी, लढाईत नाक खाजलं तर?" याला बीएडला उत्तर शिकवत नाहीत.

2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा नातवाला घेऊन गेलो. लांबलचक रांग. आत जाऊन बघतो तर चार नख्या, दोन अंगठ्या, मुठीत मावेल एवढं. नातू म्हणाला, "एवढंसंच?" म्हटलं, तेच तर त्याचं काम, दिसता कामा नये.

ती ग्रँट डफबरोबर गेली म्हणतात, जो साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्यांच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलंय की या वाघनखांनी शिवाजीनं मोगल सरदाराला मारलं. मोगल! अफझलखान आदिलशाहीचा, हे चौथीच्या पोराला झोपेत विचारा. आणि हीच ती वाघनखं, असं लंडनचं संग्रहालयसुद्धा छातीठोक सांगत नाही. मी हे शेजारच्या पोरांना समजावून सांगितलं तर एका पालकाचा फोन, "गुरुजी, पोरांच्या डोक्यात कशाला शंका घालताय?" आता बोला.

कृष्णाकाठ
गुरुजी, तुम्ही बरोबर केलंत.
आम्ही सांगलीकर. आमच्या मास्तरांनी संग्रहालयात नेलंच नाही, जेलच्या तटाखाली उभं केलं. 24 जुलै 1943, वसंतदादा आणि साथीदार इथून फोडून बाहेर पडले, खांद्यात गोळी लागली, वगैरे. सगळं उन्हात उभ्या उभ्या. तिथं ना काचेची पेटी, ना पाटी. पण मास्तर तटाकडं बोट करून "हितनं!" म्हणाले तसं अजून कानात आहे. नंतर कुंडललाही नेलं, तिथं प्रतिसरकारबद्दल एक म्हातारबाबा बोलले, अर्धं कळलं नाही. दातच नव्हते त्यांना.

पेठेतली
दातावरून आठवलं, डब्यातली शेंगदाण्याची चटणी दप्तरात सांडली होती तो प्रसंग कुणाचाय? माझ्या वहीचा 'आमची सहल' निबंध तेलकट डागासकट तपासला बाईंनी. सात मार्क.

शाहूपुरीकर
सगळे शस्त्रं शस्त्रं करताय. साताऱ्यात पोरांना दाखवायचंच तर प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमधली नोंद सांगा. 7 नोव्हेंबर 1900, अनुक्रमांक 1914, भिवा रामजी आंबेडकर. तेव्हा शाळा राजवाड्यात भरायची. 2017 पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून करतात. आमच्या वर्गाला त्या पानाचा फोटो दाखवला, सगळ्यांनी आधी अक्षर कसंय तेच बघितलं. मग एकीनं विचारलं, त्यांना पण पहिल्या दिवशी रडू आलं असेल का. शिक्षिका आहे मी, पण त्यावर काही बोलले नाही, पुढच्या नोंदीकडं वळले.

माणदेशी_गडी
@पेठेतली सात म्हणजे डागाचे दोन कापले वाटतं

वाईची_माहेरवाशीण
शाहूपुरीकर ताई, हे भाच्याला दाखवते. त्याच्या शाळेत यंदा प्रकल्प आहे.
बाकी औंध एका दिवसात होतं का हो, साताऱ्याहून? सासूबाईंना यमाई करायची आहे.

मूळ_धागाकर्ती
होतं की ताई. सकाळी निघा, पायऱ्या ऊन चढायच्या आत. आणि सोमवार टाळा, एकदा फोन करून विचारून जा. येताना पेढे आणलेत तर आम्हाला सांगू नका, घरी येऊन द्या.

निवृत्त_गुरुजी
कंदी का? मग मोजून आणा.