घरगुती सोलर बसवणाऱ्या पोरांचं सेफ्टी ट्रेनिंग नाशिकमध्ये कसं करावं?

सिन्नरफाटा_सोलर

नमस्कार मंडळी. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तेव्हापासून ३ ते ५ किलोवॅटची घरगुती कामं चांगलीच वाढली आहेत. आमच्या दोन टीम आहेत, प्रत्येकीत चार जण. टीममागे एक वायरमन परवानावाला, बाकी हेल्पर. कामं नाशिकरोड, देवळाली कॅम्प, सिडको आणि निफाडकडच्या बंगल्यांवर असतात. बऱ्याच गच्च्यांना कठडा जेमतेम वीतभर, काही ठिकाणी सिमेंटचे पत्रे.

पोरं घरातल्या वायरिंगला सरावलेली आहेत, पॅनलमधून येणाऱ्या डीसीची (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) भीती त्यांना वाटतच नाही. हार्नेस (उंचीवर अंगाला बांधायचे पट्टे) घेऊन दिले आहेत, पण हुक कुठे अडकवायचा हे कोणालाच नीट माहीत नाही. कोणता कोर्स करून घ्यावा, जागेवर काय शिकवावं आणि विम्याचं काय, हे जाणकारांनी सांगावं.

डीसी_वायरमन

दादा, कोर्सचं आधी उरकतो. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा ‘सूर्यमित्र’ हा साधारण ६०० तासांचा अभ्यासक्रम आहे, तो आयटीआय झालेल्या मुलांसाठी ठीक. स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सची सोलर पीव्ही इन्स्टॉलरची परीक्षाही चालते. नवीन भरती करताना सातपूर आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेला मुलगा घ्या, निम्मं काम सोपं होतं. पण आज गच्चीवर असलेल्या हेल्परला तीन महिने सोडता येणार नाही. त्याला जागेवरच शिकवावं लागेल, आणि सुरुवात डीसीपासून करा.

पहिला मुद्दा त्यांच्या डोक्यात पक्का बसवा: खालचं मेन बंद केलं तरी पॅनलपासून डीसी आयसोलेटरपर्यंतची (इन्व्हर्टरकडची डीसी तोडणाऱ्या स्विचपर्यंतची) वायर जिवंतच राहते. ऊन आहे तोवर ती बंद करणारा स्विच नाही. ५५० वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काही न जोडता मोजलेलं) जवळपास ५० व्होल्ट असतं, सहा पॅनल म्हणजे ३००. शिवाय शॉर्ट झाल्यावरचा करंट, साधारण १४ अँपिअर, हा रोजच्या चालू करंटपेक्षा एखाद्या अँपिअरनेच जास्त. त्यामुळे शॉर्ट झाला तरी एमसीबी पडत नाही, आर्क (ठिणगीचा सलग जाळ) जळत राहतो. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती संधीच नाही. म्हणूनच डीसी बाजूला एसीचा एमसीबी चालत नाही. आणि डीसी एमसीबी पोलॅरिटीवाला (प्लस-मायनस ठरलेला) असेल तर उलटा जोडल्यावर तो आर्क तोडू शकत नाही, आतच जळतो.

एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा) लोडवर, म्हणजे करंट चालू असताना, कधीही उघडायचा नाही. क्रम असा: एसी एमसीबी बंद, मग इन्व्हर्टरचा डीसी आयसोलेटर बंद, मग इन्व्हर्टरवर छापलेला वेळ थांबायचं (बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं लिहिलेली असतात, आत कपॅसिटर असतो), मग डीसी क्लॅम्प मीटरने करंट शून्य आहे हे बघायचं आणि मगच कनेक्टरला हात. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-फोर एकमेकांत घुसतात, पण आतला संपर्क सैल राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत वितळतो. क्रिंपिंग (वायरीवर कनेक्टरची पिन दाबून बसवणं) साध्या पक्कडीने केलेलं असेल तरी शेवट तोच.

जोडणी करताना स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ) सलग जोडत जाऊ नका. दोन-दोन पॅनलचे तुकडे ठेवा, म्हणजे कुठेच १०० व्होल्टच्या फार वर जात नाही. अर्थिंग, डीसीडीबी (डीसी बाजूची फ्यूज-स्विचची पेटी), इन्व्हर्टर सगळं पूर्ण झाल्यावर मधल्या जोडण्या सगळ्यात शेवटी करा. तोवर उघड्या टोकांना टोप्या घाला.

मीटर कॅट थ्री (मीटरची सुरक्षा श्रेणी) १००० व्होल्टचाच हवा. त्याची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि तशीच स्ट्रिंगला लावली, तर सरळ शॉर्ट होतो आणि मीटर हातात फुटू शकतो. हेल्परला फक्त व्होल्टेज मोजणारा मीटर द्या, करंट क्लॅम्पने बघा. सहा पॅनलला थंडीच्या सकाळी ३०० च्या आसपास दिसेल. मे महिन्याच्या दुपारी पॅनल ६५ अंशांपर्यंत तापलं की तेच २६५ वर येतं, ते बरोबर आहे. २२० दिसलं तर एक पॅनल जोडायचं राहिलंय.

निफाडचं म्हणालात म्हणून एक वेगळी गोष्ट. तिथे थंडीत पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. पारा उतरेल तसं व्होल्टेज दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के वाढतं, म्हणजे ४९.८ व्होल्टचं पॅनल साडेबावन्नवर जातं. ६०० व्होल्ट मर्यादेच्या इन्व्हर्टरला बारा पॅनल कागदावर ५९८ ला बसतात, पण थंडीच्या पहाटे ६३० होतात. अकराच्या वर जाऊ नका.

उंचीवरचं_काम

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त सुरुवात डीसीपासून हे पटत नाही. पहिल्या दिवशी सकाळी पहिला धोका गच्चीची कड आहे, वायर नंतर येते. मी हार्नेसबद्दलच सांगतो.

पडल्यावर थांबवणाऱ्या हार्नेसला खाली मोकळी उंची लागते. १.८ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसपासून हुकापर्यंतचा दोर), त्यावरचा शॉक अॅब्झॉर्बर (झटका शोषणारी पट्टी) उघडतो तो जवळपास १.७५ मीटर, हार्नेसच्या पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, शिवाय एक मीटर शिल्लक. बेरीज सहा मीटर. एकमजली बंगल्याची गच्ची साडेतीन-चार मीटरवर असते. पायाजवळ हुक अडकवून तिथून माणूस पडला, तर हार्नेस ताणायच्या आधीच तो जमिनीवर असतो. त्यामुळे घरगुती कामात दोर इतका आखूड ठेवा की माणूस कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. कडेपासून दोन मीटर अलीकडे दोर संपला पाहिजे.

हुक कठड्याच्या रेलिंगला, पाण्याच्या टाकीच्या पाइपला किंवा नुकत्याच बसवलेल्या स्ट्रक्चरला लावू नका. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया तर अजिबात नकोत. त्या वर्षानुवर्षं पावसात गंजलेल्या असतात आणि टोक उघडं असल्याने दोर वर सरकून निसटतो. जिन्याच्या खोलीच्या आरसीसी कॉलमभोवती वेबिंग स्लिंग (रुंद विणलेला पट्टा) गुंडाळा, कोपऱ्यावर गोणपाट किंवा रबर ठेवा. हार्नेस आयएस ३५२१ शिक्क्याचा, पूर्ण शरीराचा. नुसता कमरेचा पट्टा पडताना कंबर मोडतो.

शिडी चारास एक: चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर, आणि शिडी गच्चीच्या वर एक मीटर निघालेली, वरून बांधलेली. ५५० वॅटचं पॅनल २७-२८ किलोचं, अडीच चौरस मीटरचं असतं. ते घेऊन शिडी चढायची नाही. दोन दोर, वर दोघं, खाली एक, आणि खालच्याने पॅनलखाली उभं राहायचं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचं वारं सुटतं, तेव्हा हातातलं पॅनल शिडासारखं माणसाला ओढतं. पॅनल चढवायचं काम अकराच्या आत संपवा, उन्हाच्या दृष्टीनेही तेच बरं.

सहा मीटरचा पाइप किंवा अॅल्युमिनियमची रेल उभी करण्याआधी वर बघा. सिडकोच्या गल्ल्यांत विजेच्या तारा गच्चीला खेटून आहेत. तार जवळ असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या, घाई नको.

सिन्नरफाटा_सोलर

खूप उपयोगी. सिमेंटच्या पत्र्यावर काय करायचं? आणि कोणी हार्नेसला लटकला किंवा शॉक लागला तर?

उंचीवरचं_काम

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचाच नाही, खिळ्यांच्या ओळीवरसुद्धा. जुना पत्रा कधी तुटेल याचा अंदाज येत नाही. दोन-तीन पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) टेकतील अशा रुंद फळ्या, त्या बांधलेल्या, आणि खाली जाळी. एवढं जमत नसेल तर काम घेऊ नका, किंवा मालकाला जमिनीवर स्ट्रक्चर सुचवा. जुन्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतो, ड्रिल तर मारूच नका.

प्रथमोपचार_देवळाली

लटकलेला माणूस हालचाल न करता तसाच राहिला तर पायात रक्त साठून काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, पण त्यांची वाट बघत थांबू नका. शिडी आणि जास्तीचा दोर कायम जागेवर हवा. शुद्धीत असेल तर त्याला पाय हलवत राहायला सांगा.

शॉक लागलेल्याला थेट हात लावू नका. एसी आणि डीसी आयसोलेटर बंद करा. तो स्ट्रिंगलाच चिकटला असेल तर आयसोलेटरचा उपयोग नाही. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून किंवा कोरड्या लाकडाने सोडवा, दुसऱ्याने पॅनलवर जाड काळी ताडपत्री टाकावी. ही ताडपत्री गाडीत असलीच पाहिजे. श्वास नसेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. शुद्धीत असला आणि ‘काही नाही झालं’ म्हणाला तरी ईसीजी काढायचाच, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट, हळद नको.

रोज सकाळी टीममधल्या प्रत्येकाने जागेचा पत्ता आणि जवळची खूण मोठ्याने म्हणून दाखवावी. नवीन कॉलन्यांत रो-हाउसचे नंबर सापडत नाहीत, एकाने कोपऱ्यावर उभं राहायचं हे आधीच ठरलेलं असावं.

विम्याचं: दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) नोंदणी बघा, पगाराची मर्यादा २१,००० आहे. तुमची आठच आहेत, तेव्हा कामगार भरपाई पॉलिसी घ्या आणि अर्जात ‘उंचीवरचं काम’ स्पष्ट लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा निघतो. प्रत्येकाच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वेगळी चालू करा: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख.

डीसी_वायरमन

देवळालीच्या ताईंनी सांगितलेल्या रबरी हातमोज्यांबद्दल थोडं. क्लास ० (विजेच्या हातमोज्यांची एक श्रेणी) घ्या, तो डीसीला १५०० व्होल्टपर्यंत चालतो. वरून चामड्याचा मोजा घाला, नाहीतर पॅनलच्या फ्रेमची धार रबर कापते. रोज वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा भरा आणि कानाजवळ धरा. फुस्स आवाज आला तर तो कापून टाका, गाडीत परत ठेवू नका. एकदा पडणं झेललेला हार्नेस आणि लॅनयार्डसुद्धा दिसायला नवा असला तरी असाच कापायचा.