जिंजीच्या वेढ्यातले खान नेमके कोणाशी लढत होते?

डोंगरवाटा

सर्व सभासदांना नमस्कार.

मागच्या डिसेंबरात तामिळनाडूतल्या तिंडिवनमला एका लग्नासाठी जाणे झाले आणि जिंजी तेथून जवळच असल्याने एक दिवस काढून किल्ला पाहून आलो. युनेस्कोने २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकमेव किल्ला आहे. राजगिरीच्या चढणीच्या अगदी शेवटी डोंगराला एक खोल चीर पडली आहे आणि तिच्यावरचा लहानसा पूल ओलांडल्याशिवाय माथ्यावर पाऊल ठेवता येत नाही. पूर्वी तेथे लाकडी फळ्या असत. त्या ओढून घेतल्या की खालचे खाली आणि वरचे वर. त्या पुलावर उभी राहून माझ्या मुलीने विचारले, "बाबा, मालिकेत तर सगळे खान एका रांगेत उभे राहतात आणि बादशहाने हुकूम सोडला की निघतात. मग एवढ्या सगळ्यांना मिळून एक किल्ला घ्यायला इतकी वर्षे का लागली?"

मी तिला "किल्ला अवघड होता ना" एवढेच सांगितले, परंतु घरी परतल्यावर चार पुस्तके उघडली तेव्हा ते उत्तर मलाच पुरेना. औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान सप्टेंबर १६९० मध्ये जिंजीखाली पोहोचला आणि किल्ला पडला तो १६९८ च्या आरंभी, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळाने. तोवर छत्रपती राजाराम महाराज वेलूरमार्गे निसटून गेलेले होते आणि काही दिवसांतच ते विशाळगडावर प्रकट झाले. मधल्या काळात झुल्फिकारखान, त्याचा बाप वजीर असदखान आणि शाहजादा कामबक्ष या तिघांचे आपसांत इतके बिनसले, की खुद्द शाहजाद्यालाच कैद करावे लागले. तेव्हा माझा प्रश्न असा आहे की हा वेढा किल्ल्याच्या दुर्गमतेमुळे रेंगाळला, सरदारांच्या भाऊबंदकीमुळे रेंगाळला, की कोणाला तरी तो रेंगाळायलाच हवा होता? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रुमालातले कागद

आपण तीन कारणे वेगवेगळी मांडली आहेत, परंतु माझ्या मते दुसरे आणि तिसरे यांना एकमेकांपासून तोडता येत नाही.

आधी त्या तिघांतल्या भांडणाचा उगम पाहावा लागेल. झुल्फिकारखानाचे नाव झाले ते रायगडामुळे. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड त्याच्या हाती लागला, येसूबाई आणि बाल शाहू कैद झाले आणि त्याबद्दलच त्याला झुल्फिकारखान हा किताब मिळाला. त्याआधी तो इतिकादखान होता. परंतु ज्यांना धरण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते राजाराम महाराज त्यापूर्वीच रायगडावरून निघून, प्रतापगड आणि पन्हाळा करून, वेषांतराने बिदनूरच्या वाटेने कर्नाटकात (तेव्हाच्या कर्नाटकात आजच्या तामिळनाडूतला जिंजीकडचा मुलूखही येई) उतरले होते. रायगड घेतल्याचा मान मिळाला, पण राजा हातचा सुटला, ही रुखरुख घेऊनच खान जिंजीला आला होता, असे मला वाटते. अशा वेळी १६९१ च्या अखेरीस कामबक्ष आणि असदखान मदतीला आले. आता मोहीम नावाला शाहजाद्याची, हुकूम वजिराचा आणि फौज वजिराच्या मुलाच्या हाताखालची, अशी अवस्था झाली. जिंजी पडली असती तर तिचे श्रेय कोणाचे, हे ठरलेले नव्हते आणि ते ठरेपर्यंत ती पडू नये, अशीच प्रत्येकाची मनोमन इच्छा असावी.

डिसेंबर १६९२ मध्ये संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव प्रचंड घोडदळ घेऊन कर्नाटकात उतरले. संताजींनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान धरून जिंजीत आणला, धनाजींनी किल्ल्याच्या पश्चिमेकडच्या ठाण्यावर झडप घालून इस्माईलखान मका याला पकडले. मोगलांच्या छावणीची रसद तुटली, बादशहाच्या गोटातून येणाऱ्या बातम्या बंद झाल्या आणि औरंगजेब मरण पावला अशी आवई उठली. ती ऐकताच कामबक्षाने राजाराम महाराजांशी गुप्तपणे बोलणी चालवली. बाप गेला असेल तर भावांशी तख्तासाठी झगडावे लागणार, आणि छावणीत राहिलो तर हे बापलेक आपल्याला मोठ्या भावाच्या हवाली करणार, हे भय त्याला होते. असदखान आणि झुल्फिकारखान यांना हा डाव कळला. त्यांनी शाहजाद्याच्या डेऱ्यात शिरून त्याला कैद केले, ओढून नेता न येणाऱ्या अवजड तोफा निकामी केल्या आणि जानेवारी १६९३ मध्ये वेढा उठवून ते वांदिवाशला मागे सरकले. तेही मराठ्यांशी वाटेचा सौदा करून. वेढ्यात अडकलेला राजा किल्ल्यात निर्धास्त आणि वेढा घालणारा शाहजादा आपल्याच वजिराच्या पहाऱ्यात, असा हा प्रकार होता. पुढे कामबक्षाला गलगल्याच्या छावणीत बापापुढे नेले, तेव्हा त्याच्या बहिणीने, झीनतउन्निसेने, मध्ये पडून त्याची सुटका करवली.

तिसऱ्या कारणाबद्दल भीमसेन सक्सेनाचे लिखाण महत्त्वाचे आहे. तो मोगल सरदार दलपतराव बुंदेल्याचा कारकून म्हणून त्याच मोहिमेत होता. त्याने स्पष्टच लिहून ठेवले आहे की झुल्फिकारखानाच्या मनात असते तर त्याने किल्ला पोहोचताक्षणी घेतला असता, परंतु काम लांबवत ठेवणे ही सरदारांची रीतच आहे. पुदुच्चेरीचा फ्रेंच गव्हर्नर फ्रान्स्वा मार्तँ यालाही असाच संशय होता की खानाचे राजारामाशी आतून सूत आहे आणि म्हाताऱ्या बादशहानंतर कर्नाटकात स्वतःचे राज्य उभारण्याचा त्याचा बेत आहे. शिकार संपली की शिकाऱ्याचा पगार बंद होतो, हे खानाला चांगले कळत होते.

घाटमाथा

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे यात शंका नाही, परंतु त्यातल्या एका गोष्टीला माझा विरोध आहे. "मनात असते तर पहिल्याच दिवशी घेतला असता" हे भीमसेनाचे वाक्य आपण सगळे वेदवाक्यासारखे उद्धृत करतो. भीमसेन दलपतरावाच्या पदरी होता आणि आपल्या धन्याला योग्य मान मिळाला नाही, ही त्याची खंत जागोजाग दिसते. छावणीतल्या कारकुनाला सेनापतीचे सगळेच डावपेच हलगर्जीपणाचे वाटतात. ज्यांनी कोणत्याही कचेरीत चार वर्षे काढली आहेत, त्यांना याचा अनुभव असेल.

जिंजी म्हणजे एक किल्ला नव्हे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग असे तीन डोंगर, मोठमोठ्या शिळा एकमेकींवर रचून ठेवल्यासारखे, आणि तिघांना कवेत घेणारा कित्येक मैलांचा तट. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो विजापूरकरांकडून घेतल्यावर त्याची बांधबंदिस्ती नव्याने केलेली होती. झुल्फिकारखानाच्या हाताशी जेवढी माणसे होती, तेवढ्यांत या तटाला सगळीकडून वेढा पडणे शक्यच नव्हते. त्यामुळे कोणत्या ना कोणत्या दरवाजाने आत धान्य जातच राहिले. पैशाचेही तसेच. १६९० मध्ये, वेढा बसण्याच्या सुमारासच, राजाराम महाराजांच्या कारभाऱ्यांनी कडलूरजवळचा देवनापट्टणमचा किल्ला इंग्रजांना विकला, ज्याचे त्यांनी पुढे फोर्ट सेंट डेव्हिड केले. अडकून पडलेला राजा असा व्यवहार करू शकत नाही.

आणि खान आपसांत भांडले म्हणून आपण जिंकलो, असे म्हणताना संताजी घोरपडे यांचे श्रेय नकळत कमी होते, याचे मला वाईट वाटते. भांडणे मोगलांत आधीही होती. ती जीवघेणी ठरली, कारण बाहेरून कोणी तरी नेमक्या वेळी नेमक्या जागी घाव घालत होते. नोव्हेंबर १६९५ मधला दोड्डेरीचा प्रसंग घ्या. संताजी लूट घेऊन जात आहेत, त्यांना अडवा, असा हुकूम कासिमखानाला मिळाला आणि त्याच्या मदतीला बादशहाच्या गोटातून खानाजादखान व इतर बड्या घरचे तरुण सरदार आले. कासिमखानाला या पाहुण्यांवर छाप पाडायची होती. अदोनीच्या किल्ल्यातून त्याने नवेकोरे तंबू आणि सोन्याचांदीची व चिनी मातीची भांडी मागवली आणि हा सगळा सरंजाम पुढच्या मुक्कामाला आगाऊ पाठवून दिला. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एक भाग त्या तंबूंवर गेला. तिकडच्या बातमीने खान धावले, तेव्हा दुसरा भाग त्यांच्यावर पडला आणि तिसरा राखीव राहिला. सगळे खान दोड्डेरीच्या गढीत कोंडले गेले. दाणागोटा संपला, जनावरांना छपरांचे गवत काढून घालण्याची पाळी आली. कासिमखान गढीतच मेला. कोणी विष घेतले म्हणतात, कोणी अफू न मिळाल्याने गेला म्हणतात. खानाजादखानाने वीस लाख रुपये कबूल करून सुटका करून घेतली. लगेच जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखान बहादूर गोळी लागून पडला. दोन-अडीच महिन्यांत दोन नामांकित सरदार गेल्यावर उरलेल्यांना एकमेकांचा हेवा करायला तरी उत्साह राहिला असेल का, याचा विचार व्हावा.

भीमेकाठचा

घाटमाथा यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "होय, राहिला" असे आहे आणि ते खुद्द संताजींच्या अंतातच सापडते. १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगराळ मुलखात नागोजी माने याने जुन्या वैरापायी त्यांना मारले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी संताजींच्या मागावर गाजीउद्दीनखान फिरोजजंग होता. साथीच्या रोगात डोळे गेलेला हा सरदार आंधळेपणीही मोहिमा चालवत असे. मोगल इतिहासकार खाफीखानाच्या सांगण्यानुसार नागोजीने संताजींचे शीर घालून घोड्याला बांधलेली तोबऱ्याची पिशवी वाटेत पडली आणि फिरोजजंगाच्या वाट चुकलेल्या हेरांना ती सापडली. कानांतल्या मोत्यांवरून शीर ओळखले गेले, हातोहात फिरोजजंगाकडे पोहोचले आणि तेथून बादशहाकडे रवाना झाले. जो ते घेऊन गेला त्या ख्वाजा बाबा तुराणीला बादशहाने "खुशखबरखान" असा किताब दिला. वर्षानुवर्षे ज्याने भल्याभल्या खानांना हुलकावणी दिली, त्याला एकाही खानाने मारले नाही. वाटेत पडलेली पिशवी उचलण्याचे तेवढे त्यांच्या वाट्याला आले, आणि किताब मात्र वाटला गेला.

डोंगरवाटा

सर्वांचे आभार. मुलीला सांगण्यासारखे बरेच मिळाले. मात्र शेवटचा प्रतिसाद वाचून एक अवघड विचार मनात आला आहे. नागोजी मान्यांचे वैर कोठून आले, हे पाहिले तर आयेवारकुटीच्या लढाईत संताजींनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले, ते नागोजींचे मेहुणे होते. म्हणजे १६९६ मध्ये ज्या कर्नाटकात खान एकमेकांचे पाय ओढत होते, तेथेच संताजी आणि धनाजी यांच्याही फौजा एकमेकींवर चालून गेल्या होत्या. मग "त्यांच्यात फूट आणि आपल्यात एकी" अशी मांडणी मला मुलीपुढे करता येणार नाही. या दोन भांडणांत काही मूलभूत फरक आहे का?

रुमालातले कागद

प्रश्न अवघड आहे खरा आणि तो टाळू नये. संताजी आणि राजाराम महाराज यांच्यातले वितुष्ट मी कमी लेखणार नाही. आयेवारकुटीला संताजींनी स्वतःच्या राजालाच धरले होते आणि दुसऱ्या दिवशी हात बांधून, चुकीची क्षमा मागून सोडून दिले, अशी हकीकत आहे. सेनापतिपद कोणाकडे असावे आणि राजाने कोणाचे ऐकावे, यावरचा तो कलह होता. त्यात शत्रूला मुद्दाम निसटू देण्याचा भाग नव्हता. मोगलांकडे नेमका तो होता, आणि तो जिंजीच्या पुष्कळ आधीपासूनचा होता. १६७० मध्ये शाहजादा मुअज्जम आणि दिलेरखान यांच्यात बेबनाव झाला, दिलेरखान अटकेच्या भीतीने उत्तरेकडे निघाला आणि शाहजाद्याने जसवंतसिंहाला बरोबर घेऊन तापीपर्यंत त्याचा पाठलाग केला. त्याच वर्षी शिवाजी महाराजांनी सिंहगड आणि पुरंदर परत घेतले व ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली. दख्खनच्या फौजेला पाठलाग करायला वेळ होता, फक्त तो आपल्याच सरदाराचा होता.

घाटमाथा यांचे भीमसेनाबद्दलचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. "पहिल्याच दिवशी" हे मी मागे घेतो. परंतु एक गोष्ट तरीही उरते. शेवटच्या टप्प्यात, बादशहाचा धीर सुटल्यावर, झुल्फिकारखानाने दाऊदखान पन्नी आणि दलपतराव यांना पुढे घालून हल्ला केला आणि तोच किल्ला सर झाला. बादशहाने त्याच्या नुसरतजंग या किताबावरून जिंजीचे नाव नुसरतगड ठेवले. राजाराम महाराज मात्र तोवर बाहेर होते. त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबीयांच्या सुटकेसाठी मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांना वळवावे लागले आणि त्यापायी खंडो बल्लाळ चिटणीसांनी आपले दाभोळचे वतन सोडून दिले, असे बखरी सांगतात.

आपल्या मुलीला आणखी एक प्रसंग सांगता येईल. औरंगजेबानंतर कामबक्ष विजापूर-हैदराबादकडे स्वतंत्र होऊन बसला आणि जानेवारी १७०९ मध्ये बहादूरशहा, म्हणजे वर आलेला तोच शाहजादा मुअज्जम, त्याच्यावर हैदराबादेजवळ चालून आला. कामबक्षाजवळ अगदी मोजकी माणसे उरली होती. बादशहा आपल्या भावाला शक्यतो जिवंत धरावे अशा मताचा होता आणि वजीर मुनीमखान थांबायला तयार होता. थांबायला तयार नव्हता तो झुल्फिकारखान. जिंजीच्या छावणीत त्याने कामबक्षाला कैद केले, त्याला सोळा वर्षे झाली होती. तो दाऊदखान पन्नीला बरोबर घेऊन पुढे सरला, जखमी कामबक्ष हाती लागला आणि त्या जखमांनीच मरण पावला. राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन होऊन तोवर नऊ वर्षे होत आली होती, आणि खानाचा त्यांच्यामागचा पाठलाग कधी एवढ्या तातडीने झाल्याचे मला तरी कोठे वाचायला मिळालेले नाही.