वॉर डायरीतला एस.५.डी.३.७ नकाशावर कसा शोधायचा?

खडकीकर:
माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात खडकीच्या सॅपर्समधून (सैन्यातले खणकाम-बांधकाम करणारे) फ्रान्सला गेले होते. त्यांच्या कंपनीची १९१५ ची वॉर डायरी मिळालीय, न्यूव्ह शापेलच्या भागातली, पण जागेचं नाव कुठेच नाही, नुसतं एस.५.डी.३.७ आणि दुसऱ्या दिवशी एम.३५.सी. हे अक्षांश-रेखांश वाटत नाहीत, एनसीसीतला सहा आकडी ग्रिड रेफरन्स लावून बघितला तोही बसेना. आणि एका दिवसात एसवरून एमवर, इतके लांब गेले कसे? कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा, त्यांनी खणलं ती जागा एकदा बघायचीय.

नकाशावेडा:
हा ब्रिटिश ट्रेंच मॅपचा, म्हणजे त्या युद्धातल्या खंदकांच्या लष्करी नकाशाचा रेफरन्स आहे. आधी शीट नंबर बघा, तो नसेल तर काही उपयोग नाही कारण एस.५ प्रत्येक शीटवर असतो, तुमचा भाग शीट ३६ मध्ये येतो. शीटवर ए ते एक्स असे २४ मोठे चौकोन, वरून खाली चार ओळी, एका ओळीत सहा. त्यात १००० यार्डांचे नंबरवाले चौकोन, मधल्या दोन ओळींत ३६ आणि वरच्या-खालच्या ओळीत ३०. नंबरच्या चौकोनाचे परत चार भाग, वर ए बी खाली सी डी, म्हणजे तुमचा डी खाली उजवीकडे. मूळ पानावर एस मोठा आणि डी छोटा लिहिलेला असेल, टाइप करताना बरेचजण सगळंच मोठं करतात आणि मग घोळ होतो.

टोपोशीट:
वरचं बरोबर, फक्त शेवटच्या दोन आकड्यांत जपा, मी इथेच फसलो होतो. अक्षरं आणि नंबर आपण पान वाचतो तसे वरून डावीकडून चालतात म्हणून आपण ३.७ पण वरूनच मोजतो, पण ते डी च्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून मोजायचे, एनसीसीत शिकवतात तसंच, आधी पूर्व मग उत्तर. एक आकडा म्हणजे ५० यार्ड. म्हणजे १५० यार्ड पूर्वेला, ३५० उत्तरेला.
आणि ते लांब वगैरे काही गेले नाहीत हो! एस हा एमच्या बरोब्बर खाली आहे, एमची शेवटची ओळ ३१ ते ३६, म्हणजे एस ५ च्या डोक्यावर एम ३५ च येतो. तुमच्या जागेपासून एम.३५.सी फार तर पाऊण मैल.

नकाशावेडा:
नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर हे ट्रेंच मॅप फुकट आहेत, आजच्या नकाशावर ठेवूनही बघता येतात. १९१४ च्या ऑक्टोबरची पानं असतील तर त्यात हे रेफरन्स शोधू नका, ही पद्धत नंतर आली, तिथे गावं आणि रस्त्यांचे फाटेच धरावे लागतील.

खडकीकर:
सापडलं!! मी पण वरूनच मोजत होतो, २०० यार्ड चुकत होतं. प्रिंट काढून आजीला दाखवतो आज, तिच्या सासऱ्यांची जागा आहे ती.