जपानी नागरिकत्व: आईबाबांच्या लग्नाच्या दाखल्याचं काय करू? मदत हवी आहे

मंडळी, जपानमधे किका म्हणजे नागरिकत्वासाठी कोणी अर्ज केलाय का? मी 11 वर्षं टोकियोत निशिकासाईला राहतोय, होमुक्योकुत (नागरिकत्वाचे अर्ज घेणारं सरकारी कार्यालय) पहिली भेट झाली, तिथे माझा जन्मदाखला मागितलाच पण आईबाबांच्या लग्नाचा दाखलाही हवाय, सगळं जपानी भाषांतरासकट. लग्न 1979 साली गावात झालं, नोंदणी कोण करत होतं तेव्हा! त्यात माझ्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. नुसतं प्रतिज्ञापत्र चाललं का कोणाचं, की आता ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्यावी? बाबांना या वयात हेलपाटे घालायला लावायचं जिवावर येतंय. अर्जाचं कारण हाताने जपानीत लिहायचं असतं ते झालंय. भारतीय पासपोर्ट सोडायचा म्हटलं की पोटात कालवतं, पण मुलं इथलीच झालीत. अनुभव असेल तर प्लीज सांगा