शब्दचर्चा : 'व्यावसायिक प्रमाण' म्हणजे विक्रीसाठीच का?

बातमीदार

जिल्ह्याच्या ठिकाणी एका दैनिकात काम करतो. परवा पोलिसांची प्रेसनोट आली : दोन तरुण, २२ किलो गांजा, 'व्यावसायिक प्रमाण'. मी मथळा दिला, 'विक्रीसाठी आणलेला गांजा जप्त'. संध्याकाळी त्यातल्या एका मुलाच्या मामांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "विक्रीसाठी आणला हे तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढंच विचारलं. मी प्रेसनोट पुन्हा वाचली. 'विक्री' हा शब्द त्यात कुठेच नव्हता, तो मी 'व्यावसायिक'मधून काढला होता. माझं चुकलं का? आणि जाता जाता, अमली लिहायचं की अंमली?

दौत

चुकलं. पण तो शब्दच माणसाला तिकडे ढकलतो, त्यामुळे सगळा दोष तुमच्या माथी नको. मी बारा वर्षं कोर्टाच्या कागदपत्रांचे अनुवाद करते आहे आणि या एका शब्दाने जेवढा गैरसमज झालेला पाहिला तेवढा दुसऱ्या कुठल्याच नाही.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ सालचा, १४ नोव्हेंबरपासून लागू झालेला. अल्प आणि व्यावसायिक हे टप्पे त्यात २००१ च्या दुरुस्तीने आले. हे टप्पे म्हणजे निव्वळ वजन. केंद्र सरकारने अधिसूचना काढून प्रत्येक पदार्थापुढे दोन आकडे लिहिले आहेत. गांजा १ किलोच्या आत असेल तर अल्प, २० किलोच्या वर गेला की व्यावसायिक. चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉईनला ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडीला, म्हणजे मेफेड्रोनला, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. मधल्या भागाला कायद्याने नावच दिलेलं नाही, बोलताना आम्ही 'मध्यम' म्हणतो.

शिक्षा या वजनावर ठरते. अल्प असेल तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मधल्या टप्प्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक म्हटलं की किमान दहा वर्षं, कमाल वीस, आणि दंड एक ते दोन लाख. शिवाय कलम ३७ लागतं : आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री झाल्याशिवाय जामीन नाही. बॅग कुणाची, कुणाला द्यायची होती, पैसे ठरले होते का, यातलं काहीही या शब्दात नाही. मित्राची बॅग पोचवणारा आणि माल विकणारा, दोघेही त्याच रकान्यात.

उलट बाजूनेही फसगत होते. पानटपरीमागे पन्नास ग्रॅम गांजाच्या पुड्या विकणारा कागदावर 'अल्प' असतो. म्हणून अल्प म्हणजे 'स्वतःपुरता' असंही लिहू नका. स्वतः सेवन करण्याचं कलम वेगळं आहे, २७ वं.

वजन कशाचं, हाही प्रश्न आहेच. ३०० ग्रॅम ब्राऊन शुगरच्या पुडीत खरं हेरॉईन दहाच ग्रॅम निघालं, बाकी भेसळ, तरी मोजायचं सगळं ३००. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात तसं ठरवलं. त्याआधी बारा वर्षं शुद्ध अंश मोजायचा असा निकाल होता. पुडी तीच, पण आधी मधल्या टप्प्यात पडली असती ती आता व्यावसायिक ठरते.

एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई भेटल्या. हातात आरोपपत्राची प्रत, चार घड्या घालून दुधाच्या रिकाम्या पिशवीत ठेवलेली. वकील आत होते. मला चष्मा आणि फाईल दिसल्यावर जवळ आल्या, 'व्यावसायिक'वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, माझ्या मुलाने कधी धंदा केला नाही हो. मग इथे धंदा का लिहिलाय?" मी सांगितलं की मावशी, हे फक्त वजन आहे. त्यांनी कागद परत घडी केला. "मग वजन असं लिहायचं ना."

मला त्यांचं म्हणणं पटतं. कायद्याचं भाषांतर आपल्या हातात नाही, पण बातमी आहे. 'गांजा २२ किलो, व्यावसायिक प्रमाणाची मर्यादा २० किलो' एवढं लिहिलं की वाचकाला खरं तेच कळेल.

लाखबंद

ताईंशी सहमत. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. पंचनामे लिहिण्यात हयात गेली, म्हणून शब्दांवर दोन गोष्टी.

पहिली 'गांजा'. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांबरोबर नसतील तर त्या व्याख्येत येत नाहीत. आणि आम्ही पंचनाम्यात पिढ्यान्‌पिढ्या काय लिहिलं? 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, काड्या, बिया असलेला ओलसर गांजा.' हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिलं. सगळं एकत्र ताजव्यात टाकलं आणि वजन आलं एकवीस किलो, तर काड्या नि पानं वगळून किती? याच मुद्द्यावर उच्च न्यायालयांतून जामीन झाले आहेत. एका शब्दाच्या व्याख्येने माणूस टप्पा ओलांडतो किंवा अलीकडे राहतो. नव्या पोरांनी शेंडे वेगळे काढून तोलावेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरी 'अंगझडती'. मराठीत अंगझडती आणि घरझडती हे वेगळे शब्द आहेत, ही आपली श्रीमंती आहे. कलम ५० सांगतं की संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क आहे आणि तो त्याला आधी सांगायचा. हे कलम अंगझडतीपुरतं आहे. हातातल्या बॅगेला ते लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. 'झडती' असा मोघम शब्द लिहिला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. बातमीदार साहेब, तुम्हीही जपून.

पागोळी

तुरीत गांजाची चार झाडं लावली तर? आमच्या भागात अशा बातम्या येतात, म्हणून विचारते.

दौत

लागवडीला टप्पे नाहीत, पागोळी. चार झाडं असोत की चारशे, कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'दोनच झाडं होती' हा बचाव शिक्षा ठरवताना कामी येईल, गुन्हा ठरवताना नाही.

ओसरी

अमली-अंमलीबद्दल. शब्द अरबी 'अमल'वरून, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ काम, कृती. मराठीत तो राज्य करणं या अर्थी रुजला : पेशव्यांचा अंमल, अंमलदार, अंमलबजावणी. मग दारूचा अंमल चढला, गोळीचा अंमल उतरला. माणसावर पदार्थाची सत्ता चालते ही कल्पना त्या शब्दातच बसलेली आहे, आणि मला ती फार अचूक वाटते. आज तर शिपायालाही पोलीस अंमलदार म्हणतात, त्यामुळे एकाच बातमीत 'अंमलदाराने अमली पदार्थ पकडले' असं सहज येतं. दोन्ही रूपं चालतात, पण अनुस्वार एकदा दिला तर बातमीभर द्या.

याउलट कायद्याचं मराठी नाव पाहा : गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. हिंदीत 'स्वापक', म्हणजे झोप आणणारं. कोकेन घेतलेल्या माणसाला गुंगी येत नाही, तो टक्क जागा असतो, तरी कायद्यात कोकेन गुंगीकारक द्रव्यांच्याच बाजूला आहे. 'अमली'त गुंगीही बसते आणि जागही.

निवडुंग

मला एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे. गर्दुल्ला.

फारसीत गर्द म्हणजे धूळ. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर आली तेव्हा तिला गर्द म्हणू लागले, आणि ती ओढणारा तो गर्दुल्ला. माझा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. आमच्या गल्लीतल्या माणसांनी त्याचं नाव घेणं सोडलं, 'तुमचा गर्दुल्ला' म्हणू लागले. आईने घरातली अॅल्युमिनियमची चांदी फेकून दिली, कारण त्याच चांदीवर तो पूड जाळायचा. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं आणि आम्हाला पहिल्यांदा कळलं की हा आजार आहे. तिथून परतल्यावर तो मला म्हणाला होता, "तिथे मला नावाने हाक मारतात."

कायद्यातही हा फरक आहे, फक्त कुणी सांगत नाही. कलम ६४-अ : स्वतःच्या सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून उपचाराला तयार झाली आणि मान्यताप्राप्त ठिकाणी तिने उपचार घेतले, तर त्या गुन्ह्याच्या खटल्यापासून तिला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. 'गर्दुल्ल्यांचा उच्छाद' असा मथळा वाचणाऱ्या आईला हे कलम कधीच सापडत नाही. केंद्रांमध्ये 'रुग्णमित्र' म्हणतात. तो शब्द बातमीला जड वाटत असेल तर 'व्यसनी तरुण' म्हणा.

पागोळी

भांग राहिली की. महाशिवरात्रीला उघड मिळते ती?

लाखबंद

भांग म्हणजे पानं. केंद्राच्या व्याख्येत फक्त चरस, म्हणजे राळ, आणि गांजा, म्हणजे शेंडे. नुसत्या पानांचा कारभार राज्याच्या कायद्यावर आणि परवान्यावर चालतो. पण भांगेच्या नावाखाली शेंडे वाटले असतील तर तो गांजाच, आणि प्रयोगशाळेत ते कळतं. खसखशीचंही असंच. अफूची बोंडं बंदीत, बी मोकळं.

बातमीदार

सगळ्यांचे आभार. शुद्धिपत्र लिहिलं आहे, उद्याच्या अंकात पहिल्या पानावर घ्यायला संपादक तयार झाले : "दि. ... च्या अंकातील बातमीत गांजा 'विक्रीसाठी' आणल्याचे म्हटले होते. पोलिसांच्या पत्रकात तसा उल्लेख नाही. जप्त गांजाचे वजन २२ किलो असून व्यावसायिक प्रमाणाची कायदेशीर मर्यादा २० किलो आहे." मामांना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी दुसरं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं.